लिंकनने न लिहिलेले पत्र आणि आपण न वाचलेला लिंकन

महाराष्ट्रातील एखाद्या शाळेत मुख्याध्यापकांच्या दालनात जावे किंवा महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये. सरस्वतीची तसबीर, सावित्रीबाईंचे चित्र आणि वेळापत्रक यांच्या शेजारी एक चौकट बहुधा असतेच. मथळा ठरलेला : ‘अब्राहम लिंकन यांचे मुख्याध्यापकांस पत्र’. शिक्षकदिनाला ते वाचले जाते, निवृत्त होणाऱ्या सरांना ते भेट म्हणून दिले जाते, वक्तृत्व स्पर्धांत त्याचे दाखले येतात. वसंत बापटांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या मराठी अनुवादामुळे ते घरोघरी पोचले. अमेरिकेच्या या सोळाव्या अध्यक्षाविषयी सर्वसामान्य मराठी शिक्षकाला तीन गोष्टी ठाऊक असतात : तो लाकडी झोपडीत जन्मला, त्याने गुलामांना मुक्त केले आणि त्याने हे पत्र लिहिले. यांतील पहिली गोष्ट खरी आहे, दुसरी अर्धी खरी आहे आणि तिसरी खरी असल्याचा कसलाही पुरावा नाही.

हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही. मराठीचा अध्यापक म्हणून मी हे पत्र अनेक वर्षे भाषणांतून वापरले. एका शिक्षकदिनी भाषण संपल्यावर द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, हे पत्र त्यांनी कुठल्या वर्षी लिहिलं? आणि कुठल्या मुलासाठी? त्यांना चार मुलगे होते ना?’’ मी ‘बघून सांगतो’ असे म्हणालो. बघायला गेलो आणि बघण्यासारखे काहीच नाही असे दिसले. पुढे हा विषय मी विभागाच्या बैठकीत काढला, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने हसून मोडीत काढले : ‘‘अहो, विचार चांगले आहेत ना? मग कोणी लिहिलं याला काय महत्त्व?’’ बाकीच्यांनी माना डोलावल्या. हा लेख त्या माना डोलावण्याविरुद्ध आहे.

आधी पुराव्याचे पाहू. लिंकनची पत्रे, भाषणे, टिपणे, तारा, अगदी चिठोऱ्यासुद्धा अभ्यासकांनी वेचून ठेवल्या आहेत. रॉय बॅसलर यांनी संपादित केलेले त्याचे समग्र लेखन १९५३ साली आठ खंडांत प्रसिद्ध झाले, पुढे त्याला पुरवण्या जोडल्या गेल्या. त्यांत हे पत्र नाही. त्याचे हस्तलिखित नाही, तारीख नाही, गाव नाही, ज्याला लिहिले त्या मुख्याध्यापकाचे नाव नाही, शाळेचे नाव नाही आणि ज्या मुलासाठी लिहिले त्याचेही नाव नाही. लिंकनचा एक मुलगा, एडवर्ड, चार वर्षांचा होण्याआधीच १८५० मध्ये गेला. दुसरा, विली, अकराव्या वर्षी १८६२ मध्ये व्हाइट हाउसमध्ये तापाने गेला. धाकटा टॅड वडिलांच्या हत्येच्या वेळी बारा वर्षांचा होता. थोरला रॉबर्ट तेवढा रीतसर शिकला. या चौघांपैकी कोणाच्याही आयुष्यात हे पत्र बसवता येत नाही.

आता शैली पाहा. हे पत्र म्हणजे आज्ञार्थी वाक्यांची यादी आहे. एक उपदेश संपला की दुसरा. लिंकनचे गद्य असे कधीच चालत नाही. तो वकील होता. त्याचे वाक्य आधी समोरच्याचे म्हणणे मांडते, ते मान्य केल्यासारखे करते, मग एकेक अट घालत त्याला कोपऱ्यात आणते. उपदेशाची जपमाळ ओढणे हा त्याचा स्वभाव नव्हता.

या गोष्टी मराठीच्या प्राध्यापकांना समजावून सांगाव्या लागतात हेच मला खटकते. पाठचिकित्सा हा आपल्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले, हे आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो. तुकारामांच्या गाथेतील प्रक्षिप्त अभंगांवर आपण दीर्घोत्तरी प्रश्न काढतो. आणि वर्गातून बाहेर पडून स्टाफरूममध्ये आलो की भिंतीवरच्या प्रक्षिप्ताला हार घालतो. अमेरिकेत १८६४ सालच्या एका सांत्वनपत्रावरून, युद्धात मुलगे गमावलेल्या बिक्स्बी नावाच्या बाईंना लिहिलेल्या पत्रावरून, गेले शतकभर वाद चालू आहे : ते लिंकनने लिहिले की त्याचा चिटणीस जॉन हे याने? त्यासाठी शैलीचे संगणकीय विश्लेषणही करून झाले. तिथे एका परिच्छेदाच्या कर्तृत्वासाठी एवढा खटाटोप, आणि इथे ‘विचार चांगले आहेत ना’ एवढ्यावर काम भागते.

या युक्तिवादाला उत्तर सोपे आहे. विचार चांगले असतील तर चौकटीवरचे लिंकनचे नाव काढून टाका आणि मग ती किती दिवस भिंतीवर राहते ते पाहा. ती राहणार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. विचार नावाच्या जोरावर उभे आहेत आणि नाव उसने आहे. शिवाय या उसनवारीत खऱ्या कवीवर अन्याय होतो. ज्या लयीमुळे हे पत्र मराठी माणसाच्या तोंडी बसले ती लय मराठी आहे. ज्याचे श्रेय त्याला देण्याऐवजी आपण ते मोठ्या टायपात दुसऱ्याला आणि ‘अनुवाद’ म्हणून बारीक टायपात त्याला देतो.

पण माझी खरी तक्रार याहून मोठी आहे. खोटे पत्र खऱ्या लिंकनच्या वाटेत उभे राहिले आहे. त्याने आपल्याला एक सौम्य, सर्वांना चालणारा, कोणालाही न बोचणारा लिंकन दिला आणि त्याबरोबर खरा वाचण्याची गरजच संपवली.

गंमत अशी, की शिक्षणाविषयी लिंकनने लिहिलेले एक खरे पत्र उपलब्ध आहे आणि ते कोणत्याही भिंतीवर नाही. १८५९ मध्ये रॉबर्ट हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला आणि तयारीसाठी एक्सेटर येथील शाळेत गेला. तिथे जॉर्ज लॅथम नावाचा स्प्रिंगफील्डचाच मित्र त्याच्याबरोबर होता. पुढच्या वर्षी रॉबर्टला प्रवेश मिळाला, लॅथमला मिळाला नाही. ही बातमी मुलाच्या पत्रातून कळल्यावर दुसऱ्याच दिवशी, २२ जुलै १८६० रोजी, लिंकनने लॅथमला पत्र लिहिले. दिवस कोणते होते? दोन महिन्यांपूर्वी रिपब्लिकन पक्षाने त्याला अध्यक्षपदाची उमेदवारी दिली होती. देश फुटण्याच्या बेतात होता. अशा वेळी हा माणूस मुलाच्या नापास झालेल्या मित्राला लिहितो, की आयुष्यात यापेक्षा मोठे दुःख मला क्वचितच झाले असेल. मग तो उपदेश करत नाही, व्यवहाराचे बोलतो. एकदा प्रयत्न केला आहेस, तर आता यश मिळवायलाच हवे. संस्थेचा प्रमुख हा भला माणूसच असणार, त्याला भेट, अडचण कशी दूर करायची ते तो सांगेल. आणि शेवटी : आज जे सहज आत गेले, त्यांच्यातल्या अनेकांहून तू पुढे चांगला विद्वान होणार नाहीस, असे या तात्पुरत्या अपयशाने मुळीच सिद्ध होत नाही.

हे लिहिणाऱ्याचे स्वतःचे शालेय शिक्षण सगळे मिळून वर्षभराचेही नव्हते, असे त्यानेच नोंदवले आहे. केंटकी आणि इंडियानातल्या जंगलतोडीच्या वस्त्यांत, शेतीची कामे सांभाळून, हाती येईल ते पुस्तक वाचून तो वाढला. वाटेल त्या मुख्याध्यापकाला वाटेल ती शिकवण देणारा काल्पनिक बाप आणि नापास मुलाच्या पाठीवर हात ठेवणारा हा अर्धशिक्षित वकील, या दोघांत शिक्षकाला कोण अधिक उपयोगी आहे? आमच्या वर्गात दरवर्षी असे कितीतरी लॅथम बसलेले असतात.

आता त्या ‘अर्ध्या खऱ्या’ गोष्टीकडे वळू. लिंकनने गुलामांना मुक्त केले, हे वाक्य पाठ्यपुस्तकात फार सरळ दिसते. त्यामागची वाट वाकडी आहे आणि तीच वाचण्यासारखी आहे. १८५८ मध्ये सिनेटच्या जागेसाठी स्टीफन डग्लसशी त्याचे सात वादविवाद झाले. गुलामगिरी ही नैतिकदृष्ट्या चूक आहे हे तो तिथे ठासून सांगतो. पण १८ सप्टेंबरला इलिनॉयमधील चार्ल्सटन येथे, प्रतिस्पर्ध्याच्या आरोपाला उत्तर देताना, गोऱ्या आणि काळ्या वंशांची सामाजिक व राजकीय समता आपल्याला मान्य नाही, असेही तो स्पष्ट म्हणतो. हे भाषण लिंकनचेच आहे. त्यावर कोणाला शंका नाही आणि त्याची चौकट कोणी करणार नाही.

१८६२ चा ऑगस्ट महिना त्याहून अवघड आहे. २२ जुलैला त्याने मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळापुढे वाचला होता. रणांगणावर एखादा विजय मिळेपर्यंत तो थांबवायचा, असे ठरले. मसुदा खणात असतानाच १४ ऑगस्टला त्याने पाच कृष्णवर्णीय प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले आणि तुम्ही आम्ही वेगळे राहणेच बरे, तुमच्या लोकांनी मध्य अमेरिकेत वसाहत करावी, असे सुचवले. आठच दिवसांनी, २२ ऑगस्टला, संपादक हॉरेस ग्रीली यांना त्याने ते प्रसिद्ध पत्र लिहिले : माझे ध्येय संघराज्य वाचवणे आहे, एकाही गुलामाला मुक्त न करता ते साधणार असेल तर तसे करीन, सगळ्यांना मुक्त करून साधणार असेल तर तसे करीन, काहींना मुक्त करून काहींना तसेच ठेवून साधणार असेल तर तेही करीन. शेवटी एका ओळीत तो सांगतो, की ही माझी पदाची भूमिका झाली. सर्वत्र सर्व माणसे मुक्त असावीत ही माझी व्यक्तिगत इच्छा तशीच आहे.

या पत्राचे काय करायचे? खणातला मसुदा माहीत असलेला वाचक म्हणेल, की हा पुढच्या पावलासाठी लोकमत तयार करण्याचा डाव होता. मुक्ती ही संघराज्य वाचवण्याची गरज म्हणून मांडली तरच उत्तरेतला गोरा मतदार ती गिळेल, हे लिंकन ओळखून होता. आठ दिवसांपूर्वीची ती बैठक आठवणारा वाचक म्हणेल, की डाव असेलही. पण ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता ती माणसे या वाक्यांत तीन पर्यायांतला एक आकडा होतात. मला दोन्ही वाचने खरी वाटतात, आणि साहित्याच्या वर्गात जे शिकवायचे ते याहून वेगळे काय असते?

दुसरे वाचन एका मराठी माणसाने फार पूर्वी, फार कठोरपणे करून ठेवले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ च्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात ग्रीलींना लिहिलेले हेच पत्र पुढे ठेवून गांधीजींच्या स्वराज्य आणि अस्पृश्यांविषयीच्या भूमिकेची लिंकनच्या संघराज्य आणि निग्रोंविषयीच्या भूमिकेशी तुलना केली. मोठ्या ध्येयापुढे पिळलेल्यांची मुक्ती दुय्यम ठरवण्याची वृत्ती त्यांना दोन्हीकडे दिसली. त्यांचा निष्कर्ष पटो वा न पटो. त्यांनी खरा कागद वाचला आणि त्याच्याशी भांडण मांडले.

त्यांच्याही आधी, लिंकनच्या हत्येनंतर अवघ्या आठ वर्षांनी, १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील सदाचारी लोकांना. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ निष्ठेबद्दल, आणि माझ्या देशबांधवांनी शूद्र भावंडांच्या सुटकेसाठी तो कित्ता गिरवावा या इच्छेने. त्या अर्पणपत्रिकेत अध्यक्षाचे नाव नाही, लोक आहेत. माझ्या मते लिंकनच्या वारशाचे इतके अचूक वाचन दुसरे नसेल. फुल्यांनी त्यातून काम उचलले आणि आंबेडकरांनी प्रश्न. आपण चौकट उचलली. ज्या भाषेत ‘गुलामगिरी’ लिहिली गेली त्या भाषेच्या शिक्षकांनी लिंकनला सद्वर्तनाच्या तक्त्यापुरता उरवावा, ही साधी चूक नाही; ही आपल्याच वारशाची विस्मृती आहे.

लिंकनची बाजूही मांडायला हवी, नाहीतर एका खोट्याच्या जागी दुसरे अर्धसत्य बसेल. १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा रुक्ष, वकिली भाषेत आहे आणि तो फक्त बंडखोर प्रदेशांना लागू होता; संघराज्यात राहिलेल्या केंटकीसारख्या राज्यांतले गुलाम त्यात नव्हते. पण त्यातल्या एका कलमाने कृष्णवर्णीयांना सैन्याची दारे उघडली. युद्ध संपेपर्यंत त्यांचे सुमारे १ लाख ८० हजार सैनिक उत्तरेच्या लष्करात आले, आणि लिंकनचे गद्य बदलू लागले. ऑगस्ट १८६३ मध्ये जेम्स कॉन्कलिंगला लिहिलेल्या पत्रात तो गोऱ्या टीकाकारांना सुनावतो, की विजयाच्या दिवशी काही काळी माणसे अभिमानाने आठवतील की आपण हातभार लावला, आणि काही गोऱ्यांना विसरता येणार नाही की आपण खोडा घातला. वर्षभरापूर्वी वसाहतीचा सल्ला देणारा माणूस हाच. ३१ जानेवारी १८६५ रोजी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली, तीही त्याने मते जुळवण्यासाठी जिवाचे रान केल्यावर. ११ एप्रिल १८६५ च्या अखेरच्या भाषणात त्याने काही कृष्णवर्णीयांना, विशेषतः सैनिकांना, मताधिकार द्यावा असे जाहीरपणे म्हटले. श्रोत्यांत जॉन विल्क्स बूथ होता. तीन दिवसांनी त्याने गोळी घातली. चार्ल्सटनपासून इथपर्यंत सात वर्षांचे अंतर आहे, आणि ते त्या माणसाने डोळ्यांदेखत, वाक्यावाक्याने कापलेले आहे.

याच काळातले दुसरे एक भाषण आपण ‘शिकवतो’, म्हणजे त्यातला एक तुकडा शिकवतो. लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी चालवलेले शासन ही लिंकनने केलेली लोकशाहीची व्याख्या, असे आपण नागरिकशास्त्रात सांगतो. १९ नोव्हेंबर १८६३ च्या गेटिसबर्गच्या त्या जेमतेम पावणेतीनशे शब्दांच्या भाषणात ‘लोकशाही’ हा शब्दच नाही. तिथे व्याख्या नाही, एक भीती आहे : असे शासन पृथ्वीवरून नाहीसे होऊ नये. ताज्या कबरींसमोर उभे राहून जिवंतांवर टाकलेली ती जबाबदारी आहे. त्या भाषणाच्या लिंकनच्या हस्ताक्षरातल्या पाच प्रती आज उपलब्ध आहेत आणि त्यांत पाठभेद आहेत. एम.ए.च्या वर्गाला पाठचिकित्सेचा याहून सुटसुटीत धडा कुठे मिळेल?

आणि ४ मार्च १८६५ चे दुसरे उद्घाटनपर भाषण. युद्ध जिंकत आले आहे, श्रोत्यांना विजयाची तुतारी ऐकायची आहे, आणि हा सुमारे सातशे शब्दांत सांगतो की दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाला आळवतात. दोषाचे नाव तो ‘दक्षिणेची गुलामगिरी’ असे ठेवत नाही. ‘अमेरिकन गुलामगिरी’ म्हणतो. एका विशेषणाने उत्तरेचे हात त्याने त्या रक्तात बुडवले. अडीचशे वर्षांच्या फुकट राबणुकीतून साठलेली संपत्ती बुडेपर्यंत हे युद्ध चालावे अशी देवाची इच्छा असेल, तर तोही न्यायच, असे त्याचे ते लांबलचक सशर्त वाक्य. सहा लाखांहून अधिक माणसे मेलेल्या देशाला जिंकताना असे सांगणारा राज्यकर्ता विरळा.

मूर्ती घडवण्याचा मक्ता आपल्याकडेच आहे असे नाही. वॉशिंग्टनचे भव्य लिंकन स्मारक ३० मे १९२२ रोजी खुले झाले, तेव्हा त्या समारंभात कृष्णवर्णीय पाहुण्यांना वेगळे बसवले होते. मुक्तिदात्याच्या पुतळ्याखाली वर्णभेदाच्या रांगा! मूर्ती मोठी झाली की तिच्या सावलीत काहीही खपते. यावरचा उतारा फ्रेडरिक डग्लस यांनी आधीच देऊन ठेवला होता. गुलामगिरीतून निसटून आलेल्या या वक्त्याने १४ एप्रिल १८७६ रोजी, लिंकनच्या पुतळ्याच्या अनावरणप्रसंगी, अध्यक्ष ग्रँट यांच्यासमोर सांगितले की हा गोऱ्यांचा अध्यक्ष होता आणि आम्ही त्याची सावत्र मुले. गुलामगिरीविरोधकांच्या जागेवरून पाहिले तर तो मंद आणि थंड वाटतो. पण त्याच्या देशाच्या मनःस्थितीने मोजले तर तो वेगवान आणि निर्धारी होता. पुतळ्याच्या पायाशी उभे राहून हे बोलणे हीच खरी आदरांजली. आपल्याकडच्या किती जयंत्यांना असे भाषण चालेल?

माझी मागणी फार नाही. चौकट उतरवू नका. तिच्यावरचे लिंकनचे नाव उतरवा आणि मराठी कवीचे नाव मोठ्या अक्षरांत लिहा. लॅथमला लिहिलेले पत्र कोणीतरी चांगल्या मराठीत आणून शेजारी लावावे. आणि वर्गात एकदा ग्रीलींना लिहिलेले पत्र, त्यावरची आंबेडकरांची पाने आणि ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका एकत्र वाचावी. मुलांना भांडू द्यावे.

त्या विद्यार्थिनीला मी पुढच्या आठवड्यात वर्गासमोर सांगितले, की हे पत्र लिंकनचे नाही आणि इतकी वर्षे मी न तपासता ते वाचत आलो. ती एवढेच म्हणाली, ‘‘मग सर, त्यांनी खरं काय लिहिलंय?’’ आमच्या स्टाफरूममध्ये हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.